कुटुंबासाठी पिकअप ट्रक घेताना: कॅब केवढी आणि ड्राइव्ह कोणती?

महाराष्ट्रात पिकअप म्हटले की बाजार समितीच्या आवारात कांद्याची पोती उतरवणारी गाडी डोळ्यांसमोर येते आणि तिच्यात शाळकरी मुलांना बसवून सहलीला जाण्याचा विचार कोणी करत नाही. अमेरिकेत आणि कॅनडात मात्र फोर्डची एफ-सीरिज, शेव्हरोले सिल्व्हराडो आणि रॅम या गाड्या वर्षानुवर्षे सर्वाधिक खपणाऱ्या वाहनांत आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्या सकाळी मुलांना शाळेत सोडतात, दुपारी किराणा आणतात आणि शनिवारी लाकूड किंवा माती वाहतात. टेक्सास, मिशिगन, कोलोरॅडो किंवा आल्बर्टात स्थिरावलेल्या मराठी घरांतही आता दुसरी गाडी म्हणून पिकअपचा विचार होऊ लागला आहे. हा लेख अशा घरांसाठी आहे. रंग, डॅशबोर्डवरच्या पडद्याचा आकार या गोष्टी नंतर बदलल्या तरी चालतात किंवा त्यांच्यावाचून अडत नाही. कॅब (माणसे बसण्याचा भाग) आणि ड्राइव्ह (इंजिनाची ताकद कोणत्या चाकांना मिळते ते) मात्र गाडी घेतल्यावर बदलता येत नाहीत, म्हणून येथे त्या दोनच गोष्टींचा विचार केला आहे.

पहिली पायरी: माणसे आणि फेऱ्या कागदावर मांडणे

विक्रेत्याकडे जाण्याआधी एका कागदावर पुढील पाच वर्षांत गाडीत कोण कोण बसणार आहे ते लिहावे. आज दोन वर्षांचे असलेले मूल पाच वर्षांनी बूस्टर सीटवर असेल, आज दहा वर्षांचा मुलगा तोपर्यंत बापाच्या उंचीला आलेला असेल, आणि भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की आणखी दोन माणसे वाढतील. त्याखाली फेऱ्या लिहाव्यात: रोजच्या, महिन्यातून एकदा होणाऱ्या आणि वर्षातून एकदा होणाऱ्या. विमानतळावरून माणसे आणणे, गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात मखराचे सामान नेणे, बागेसाठी खत आणणे, तंबू घेऊन डोंगरात जाणे, असे सगळे या यादीत यावे.

ही यादी झाल्यावर सामानाचा मागचा उघडा हौदा खरोखर किती वेळा लागतो ते पाहावे. वर्षातून चार-पाच वेळाच सामान वाहायचे असेल, तर मिनीव्हॅन घेऊन गरजेपुरता होम डेपो या बांधकाम-साहित्याच्या दुकानातून तासाच्या भाड्याने ट्रक आणणे कितीतरी स्वस्त पडते, हे आधीच सांगून टाकतो. पिकअप हौसेने घेण्यात काही गैर नाही, परंतु ती हौस आहे हे घरात सर्वांना ठाऊक असलेले बरे.

दुसरी पायरी: कॅबची नावे नीट ओळखणे

ट्रकमध्ये माणसे बसण्याचा जो बंदिस्त भाग असतो त्याला कॅब म्हणतात, आणि तिचे मुख्य प्रकार तीन आहेत. रेग्युलर कॅबमध्ये दोन दरवाजे आणि सीटची एकच ओळ असते. एक्स्टेंडेड कॅबमध्ये मागे आखूड सीट आणि लहान दरवाजे असतात. क्रू कॅबमध्ये चार पूर्ण दरवाजे आणि मोठ्या माणसाला बसता येईल अशी मागची सीट असते. येथवर सोपे आहे. गोंधळ कंपन्यांनी ठेवलेल्या नावांमुळे होतो.

फोर्ड मधल्या आकाराला सुपरकॅब आणि मोठ्याला सुपरक्रू म्हणते. रॅममध्ये मधली ती क्वाड कॅब आणि मोठी ती क्रू कॅब. शेव्हरोलेत मधली कॅब डबल कॅब या नावाने येते. टोयोटाच्या टुंड्रामध्येही डबल कॅब म्हणजे मधला आकार असून मोठीला क्रूमॅक्स म्हणतात. परंतु त्याच टोयोटाच्या टॅकोमामध्ये डबल कॅब हीच मोठी, चार पूर्ण दरवाज्यांची कॅब असते. त्यामुळे वापरलेल्या गाड्यांच्या जाहिरातीत नुसते 'डबल कॅब' वाचून दोनशे मैल गाडी चालवत बघायला जाऊ नये. मागच्या सीटपुढे पायांना किती इंच जागा आहे तो आकडा विचारावा, कारण नावापेक्षा त्यावरून अधिक कळते.

पूर्ण आकाराच्या ट्रकमध्ये हा आकडा एक्स्टेंडेड कॅबला साधारण ३३ ते ३६ इंच आणि क्रू कॅबला साधारण ४१ ते ४५ इंच असतो. फोर्ड एफ-१५० च्या सुपरकॅबमध्ये ३३.५ इंच, तर सुपरक्रूमध्ये ४३.६ इंच आहेत. टॅकोमाची डबल कॅब नावाने मोठी असली तरी गाडीच मध्यम आकाराची असल्यामुळे तिच्यात मागे ३३.७ इंचच मिळतात, म्हणजे एफ-१५० च्या मधल्या कॅबइतकेच. चार पूर्ण दरवाजे आहेत म्हणून मागे प्रशस्त जागा असेलच असे नाही, हे या एका तुलनेतून दिसते.

तिसरी पायरी: मागची सीट मुलांच्या सीटनिशी तपासणे

रेग्युलर कॅब लहान मुले असलेल्या घराने विचारातही घेऊ नये. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी मागच्या सीटवर बसावे अशी अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाची शिफारस आहे आणि या कॅबमध्ये मागची सीटच नसते. चालू असलेल्या एअरबॅगसमोर मागे तोंड करून बसवलेले तान्हे बाळ ठेवणे जिवावर बेतू शकते. एअरबॅग बंद करण्याचे बटण काही ट्रकमध्ये असते, पण ते आहे म्हणून रोजची व्यवस्था तशी बेतू नये.

खरा प्रश्न एक्स्टेंडेड की क्रू हा आहे. एक्स्टेंडेड कॅब काही हजार डॉलरनी स्वस्त पडते, तेवढ्याच लांबीत तिच्यामागे मोठा हौदा मिळतो, आणि विक्रेताही 'मुले लहान आहेत, पुरेल' असे सांगतो. वस्तुस्थिती उलटी आहे: मुले जितकी लहान, तितकी जागा जास्त लागते. मागे तोंड करणारी सीट तिरकी बसते आणि पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत येते. तिच्यासाठी पुढची सीट इतकी सरकवावी लागते की उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. बालरोगतज्ज्ञांची अमेरिकन संघटना मुलाला सीटच्या उंची-वजनाच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे शक्य तितका काळ, मागे तोंड करूनच बसवावे असे सांगते. ही अडचण त्यामुळे वर्षभरात संपणारी नसते. याशिवाय एफ-१५० च्या सुपरकॅबचे मागचे दरवाजे उलट्या बाजूने उघडतात आणि पुढचा दरवाजा उघडल्याशिवाय ते उघडतच नाहीत. शाळेच्या दारात, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना, चालकाने आधी आपला दरवाजा उघडायचा आणि मग मुलाने उतरायचे, हे रोज करून पाहिल्यावर वाचवलेल्या पैशांचे समाधान फार काळ टिकत नाही. रॅमच्या क्वाड कॅबचे आणि शेव्हरोलेच्या डबल कॅबचे दरवाजे नेहमीच्या पद्धतीने स्वतंत्र उघडतात, तेव्हा मधला आकार घ्यायचाच असेल तर या दोहोंकडे आधी पाहावे.

सुरक्षेच्या चाचण्या वाचताना कोणत्या कॅबची चाचणी झाली ते पाहणेही आवश्यक आहे. विमा कंपन्यांच्या पैशांवर चालणाऱ्या आयआयएचएस या संस्थेने २०१५ च्या एफ-१५० च्या दोन कॅब पुढच्या कोपऱ्यावरील धडकेच्या चाचणीत स्वतंत्रपणे तपासल्या, तेव्हा सुपरक्रूला 'चांगली' ही सर्वोच्च श्रेणी मिळाली, तर सुपरकॅबला तिच्याहून दोन पायऱ्या खालची श्रेणी मिळाली, कारण मोठ्या कॅबला दिलेले काही संरक्षक भाग लहान कॅबला दिलेले नव्हते. ते पुढच्या वर्षी बसवले गेले. म्हणून एकाच नावाच्या ट्रकच्या सगळ्या कॅब सारख्याच सुरक्षित आहेत असे गृहीत धरू नये. याच संस्थेने २०२३ मध्ये मागच्या प्रवाशाचा विचार करणाऱ्या नव्या चाचणीत क्रू कॅबचे पाच लहान पिकअप तपासले. त्यांपैकी एकालाही सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही. आपण पाहत असलेल्या मॉडेलची आणि वर्षाची श्रेणी संस्थेच्या यादीत स्वतः पाहावी.

आता प्रत्यक्ष तपासणी. घरातील मुलांच्या सीटा विक्रेत्याकडे घेऊन जाव्यात. संकोच करू नये. गाडी आवारात उभी असतानाच त्या बसवाव्यात, आणि तत्पूर्वी घरातील सर्वांत उंच माणसाने पुढची सीट आपल्या सोयीने लावून घ्यावी. सप्टेंबर २००२ नंतरच्या गाड्यांत सीटच्या बुडाशी लॅचचे खालचे आधार (मुलांची सीट अडकवण्याच्या कड्या) असतात. मूल आणि सीट यांचे एकत्रित वजन ६५ पौंडांपलीकडे गेले की ते वापरायचे नसतात आणि सीटबेल्टने सीट बांधायची असते. ट्रकमध्ये खरी गंमत वरच्या पट्ट्यात, म्हणजे टॉप टेदरमध्ये आहे. मोटारीत हा पट्टा सीटमागच्या फळीवर किंवा सीटच्या पाठीला अडकतो. पिकअपमध्ये सीटची पाठ कॅबच्या मागच्या भिंतीला चिकटलेली असल्याने बऱ्याच मॉडेलांत हेडरेस्टखाली कापडी फासे दिलेले असतात. पट्टा आपल्या जागेच्या फाशातून ओवून शेजारच्या जागेच्या फाशात किंवा हुकात अडकवायचा असतो. प्रत्येक कंपनीची रीत निराळी आहे, काहींत सीटची पाठ पुढे पाडावी लागते, आणि अंदाजाने बांधलेला पट्टा धडकेत उपयोगी पडेलच असे नाही. गाडीचे माहितीपुस्तक उघडून त्यातील आकृतीप्रमाणे एकदा पट्टा बांधून पाहावा. तीन मुले असतील तर तिन्ही सीटा शेजारी शेजारी बसवून, मधल्या सीटचे बक्कल हाताला लागते का तेही बघावे.

चौथी पायरी: ज्येष्ठांची चढ-उतर आणि डिकीचा अभाव

पूर्ण आकाराच्या फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकच्या कॅबचा तळ गुडघ्याच्याही वर येतो. सत्तरीच्या आईला साडी नेसून किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाबांना तेथे चढायचे असेल, तर दरवाजाखालची रुंद पायरी आणि दरवाजाच्या खांबावरची पकडायची मूठ या चैनीच्या वस्तू राहत नाहीत. मागच्या दरवाजालाही मूठ आहे का ते पाहावे. मॉडेलच्या स्वस्त श्रेणीत (ट्रिममध्ये) ती नसू शकते. पायरी नंतर बाहेरून बसवून घेता येते, मूठ बसवणे तितके सोपे नसते. टू-व्हील ड्राइव्ह ट्रक अनेकदा थोडा ठेंगणा असतो, हाही मुद्दा ज्येष्ठांच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखा आहे.

चार माणसांच्या कुटुंबात आजी-आजोबा आले की सहा जण होतात. पूर्ण आकाराच्या क्रू कॅबच्या साध्या श्रेणींत पुढे दोन स्वतंत्र खुर्च्यांऐवजी तिघांची सलग सीट मिळते आणि मधला भाग उघडून सहावा माणूस बसतो. महागड्या श्रेणींत मध्ये मोठा कन्सोल येतो आणि गाडी पाच जणांचीच राहते. मधल्या जागी रोज कोणी बसावे इतकी ती आरामाची नसते, मुलांसाठी तर ती जागा नव्हेच, परंतु देवळात किंवा जेवणाच्या आमंत्रणाला एकाच गाडीतून जाता येते. सहाव्या सीटची गरज असणाऱ्यांनी वरची श्रेणी मोहाने निवडण्याआधी हे ठरवून टाकावे.

आणखी एक गोष्ट नव्या ग्राहकाच्या लक्षात उशिरा येते: पिकअपला डिकी नसते. मागच्या सीटचे बूड वर उचलले की सपाट तळ मिळतो आणि भारतीय दुकानातल्या तांदळाच्या पिशव्या तेथे छान बसतात, पण मागे माणसे बसली की ती जागा गेली. विमानतळावरून येणाऱ्या दोन माणसांच्या चार मोठ्या बॅगा उघड्या हौद्यात ठेवून पावसात तासभर गाडी चालवणे शक्य नसते. म्हणून हौद्यावरचे कुलूप लावता येणारे कडक झाकण कॅबच्या किमतीतच मिळवून अंदाजपत्रक करावे. होंडा रिजलाइन या गाडीत हौद्याच्या तळाखाली कुलूपबंद कप्पाच दिलेला आहे, आणि कौटुंबिक वापराच्या दृष्टीने ही मला फार शहाणपणाची रचना वाटते.

पाचवी पायरी: हौदा, लांबी आणि घरचे गॅरेज

कॅब मोठी घेतली की हौदा आखूड करावा लागतो, नाहीतर गाडी लांबते. क्रू कॅबसोबत साधारण साडेपाच किंवा साडेसहा फुटांचा हौदा मिळतो. एफ-१५० सुपरक्रू साडेपाच फुटी हौद्यासह सुमारे २३२ इंच, म्हणजे १९ फूट ४ इंच लांब भरते. साडेसहा फुटी हौदा घेतल्यास आणखी एक फूट. जुन्या उपनगरांतील कित्येक गॅरेजांची आतील खोली २० फुटांच्या आसपासच असते. म्हणजे आखूड हौद्याची गाडी भिंतीला नाक लावून कशीबशी आत जाते आणि लांब हौद्याची घेतली तर गॅरेजचे दार बंद होत नाही. टेपने गॅरेज मोजताना आतल्या भिंतीपाशी ठेवलेला वॉटर हीटर, कपाटे आणि मागे लावलेला ट्रेलरचा हुक हे सगळे धरावे. आरशांसह रुंदी आठ फुटांच्या घरात जाते, त्यामुळे एका गाडीच्या आठ फुटी दारातून आरसे मिटूनच आत जावे लागते. काही गृहसंस्था पिकअप रात्री बाहेर उभी करू देत नाहीत. तो नियमही वाचून ठेवावा.

साडेपाच फुटांत घरगुती गरजा भागतात. प्लायवुडचा चार बाय आठ फुटांचा तक्ता फाळका खाली पाडून, पट्ट्याने बांधून नेता येतो, आणि पूर्ण आकाराच्या ट्रकमध्ये चाकांवरच्या उंचवट्यांमध्ये ५० इंचांच्या आसपास अंतर असल्याने तो सपाट बसतो. बहुतेक मध्यम आकाराच्या ट्रकमध्ये हे अंतर चार फुटांपेक्षा कमी असते आणि तक्ता उंचवट्यांवर टेकवून न्यावा लागतो. साडेसहा फुटी हौदा ज्याला मोटरसायकल किंवा शेतीचे सामान नियमित न्यायचे आहे त्यानेच घ्यावा.

सहावी पायरी: वजनाचे गणित

जाहिरातीत १३,००० पौंड ओढण्याची क्षमता मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते. ती एका विशिष्ट इंजिनाच्या, विशिष्ट ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) आणि जवळपास रिकाम्या ट्रकची असते. कुटुंबाची मर्यादा बहुधा त्याआधीच, वाहण्याच्या क्षमतेपाशी येते. चालकाचा दरवाजा उघडला की खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाची चिकटपट्टी दिसते. तिच्यावर माणसे आणि सामान मिळून किती पौंडांपलीकडे जाऊ नये ते त्या विशिष्ट गाडीपुरते छापलेले असते. काचेचे मोठे छत, मोठी चाके, विजेवर सरकणाऱ्या पायऱ्या अशी प्रत्येक सोय या आकड्यातून वजा होत आलेली असते, त्यामुळे एकाच मॉडेलच्या साध्या आणि शाही श्रेणीत काहीशे पौंडांचा फरक पडू शकतो.

समजा चिकटपट्टीवर १,५५० पौंड आहेत. आई-वडील ३१०, आजी-आजोबा २८० आणि दोन मुले त्यांच्या सीटांसह १३५, असे माणसांचे ७२५ पौंड झाले. पन्नास पौंडांच्या चार बॅगा म्हणजे २००. हौद्याचे झाकण आणि ट्रेलर जोडण्याचे साहित्य १००. शिल्लक राहिले ५२५. आता ५,००० पौंडांचा कॅम्पर (मागे ओढायचे फिरते घर) जोडला, तर त्याच्या दांड्याचा भार साधारण १० ते १५ टक्के, म्हणजे १२ टक्के धरले तरी ६०० पौंड, ट्रकवरच येतो. गाडी मर्यादेच्या ७५ पौंड बाहेर गेली, आणि हा ट्रेलर जाहिरातीतील आकड्याच्या निम्म्याहूनही हलका होता. भार पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून देणारा हुक लावल्याने चिकटपट्टीवरील मर्यादा वाढत नाही. ज्यांना सहा माणसांसह कॅम्पर ओढायचा आहे त्यांनी एकतर साधी श्रेणी घ्यावी किंवा अधिक जड कामाच्या रॅम किंवा शेव्हरोले २५०० अथवा फोर्ड एफ-२५० वर्गात जावे. ज्यांना ओढायचे काही नाही त्यांना ही पायरी दहा मिनिटांत उरकता येईल.

सातवी पायरी: ड्राइव्हचे प्रकार समजून घेणे

नेहमीच्या टू-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे जाते. ट्रक रिकामा असताना निम्म्याहून जास्त वजन पुढे असते, म्हणून बर्फात किंवा ओल्या गवतावर हलकी मागची चाके जागच्या जागी फिरतात. हौद्यात मागच्या ॲक्सलवर वाळूची पोती बांधून ठेवण्याची उत्तरेकडील जुनी युक्ती याच कारणासाठी आहे. मागचे डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी, लॉक होणारे किंवा घसरण रोखणारे असेल तर याच ट्रकची अडचण बरीच कमी होते, आणि हा पर्याय फोर-व्हील ड्राइव्हपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो.

पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी गिअरपेटी) पुढच्या आणि मागच्या ॲक्सलना एकत्र जखडते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. जखडलेल्या ॲक्सलना तो फरक सामावता येत नाही, तेव्हा माती किंवा बर्फ असेल तर चाके किंचित घसरून तो फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत आणि सगळा ताण गिअरांवर, जोडांवर व टायरवर येतो. म्हणून ही प्रणाली कोरड्या रस्त्यावर वापरायची नसते. याच ट्रकमध्ये असलेली फोर-लो ही पायरी वेग अडीच पटींहून अधिक घटवून ताकद तितकीच वाढवते. ती खडकाळ चढ, नाव पाण्यात उतरवण्याचा उतार किंवा चिखलात रुतलेली गाडी काढणे यांसाठी असते, शाळेच्या रस्त्यासाठी नव्हे.

ऑटो, म्हणजे 'फोर-ए' असे चिन्ह असलेल्या प्रणालीत ॲक्सलांमध्ये क्लच असतो आणि गरज पडेल तेव्हा तो पुढच्या चाकांकडे ताकद वळवतो. रस्ता अर्धा कोरडा आणि अर्धा बर्फाळ असला तरी ही अवस्था चालू ठेवता येते. उत्तरेकडील शहरांत हिवाळ्यातले बरेचसे रस्ते असेच असतात: हमरस्ता साफ केलेला, गल्ली पांढरी आणि चौकात काळा बर्फ, म्हणजे डांबरावर न दिसणारा पातळ थर. अशा ठिकाणी पार्ट-टाइम ट्रकचा चालक दर दोन मैलांनी बटण फिरवत राहतो किंवा कंटाळून ते फिरवणेच सोडून देतो. घरात दोन-तीन जण गाडी चालवणार असतील आणि त्यांतल्या एकालाही गाडीच्या यंत्रात रस नसेल, तर फोर-ए साठी जादा पैसे देणे मला योग्य वाटते. ती अनेक कंपन्या वरच्या श्रेणीतच देतात, आणि टुंड्रासारख्या ट्रकमध्ये पार्ट-टाइम प्रणालीच आहे. म्हणून 'फोर बाय फोर (फोर-व्हील ड्राइव्ह) आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नये.

फोर्ड मॅव्हरिक, ह्युंदाई सांताक्रूझ आणि होंडा रिजलाइन यांची घडण मोटारीसारखी असून त्यांत पुढच्या चाकांवर आधारलेली ड्राइव्ह असते आणि गरजेनुसार आपोआप चारही चाकांना ताकद देणारी ऑल-व्हील ड्राइव्ह त्यावर जोडलेली असते. रिजलाइनमध्ये २०२१ पासून ती सर्व श्रेणींत येते. फोर-लो नसते, पण घरगुती वापरात तिची उणीव क्वचितच भासते. तसेच इंजिनाचे वजन ओढणाऱ्या चाकांवरच असल्याने पुढच्या चाकांची मॅव्हरिकसुद्धा बर्फात मागची चाके चालणाऱ्या रिकाम्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रकपेक्षा बरी चालते.

खर्चाचे बोलायचे तर फोर-व्हील ड्राइव्हसाठी साधारण ३,००० ते ५,००० डॉलर अधिक पडतात. इंधनाची चर्चा फार होते, पण हिशेब करून पाहिला तर फरक किरकोळ निघतो: वर्षाला १२,००० मैल चालणाऱ्या ट्रकने गॅलनला २२ ऐवजी २१ मैल दिले, तर वर्षाकाठी सुमारे २६ गॅलन जास्त लागतात. ट्रान्सफर केस आणि पुढच्या डिफरन्शियलचे तेल बदलणे हा वेगळा खर्च आहे. ड्राइव्हच्या जादा वजनामुळे वाहण्याची क्षमताही थोडी घटते. उलट बर्फाच्या राज्यांत टू-व्हील ड्राइव्ह ट्रक पुन्हा विकताना ग्राहक मिळणे कठीण जाते, त्यामुळे तेथे गुंतवलेल्या रकमेचा बराच भाग परत येतो.

आठवी पायरी: आपला रस्ता आणि आपले टायर

ह्यूस्टन, डॅलस किंवा फिनिक्सच्या उपनगरात राहणाऱ्या आणि पक्क्या रस्त्यांवरच फिरणाऱ्या कुटुंबाला टू-व्हील ड्राइव्ह आणि लॉक होणारे मागचे डिफरन्शियल पुरते. नाव पाण्यात उतरवायची असेल, शेतघराचा रस्ता कच्चा असेल किंवा उताराचा मातीचा ड्राइव्हवे असेल, तरच विचार बदलावा, आणि तेथे पार्ट-टाइम प्रणाली पुरेशी होते. मिनेसोटा, मिशिगन, न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग किंवा कॅलगरी येथे फोर-ए किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह घ्यावी.

डोंगरात नियमांचाही संबंध येतो. कॅलिफोर्नियात चेन कंट्रोलच्या (बर्फात टायरना साखळ्या लावण्याच्या सक्तीच्या) दुसऱ्या पायरीवर चारही चाकांना बर्फाचे टायर असलेल्या फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांना चेन न लावता जाता येते. चेन सोबत बाळगावी मात्र लागते, आणि तिसऱ्या पायरीवर कोणालाच सूट नसते. कोलोरॅडोत आय-७० या महामार्गाच्या डॉट्सेरो ते मॉरिसन या टप्प्यात सप्टेंबर ते मे या काळात टायरच्या खाचांची खोली किमान ३/१६ इंच असावी लागते, मग गाडी फोर-व्हील ड्राइव्ह का असेना. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ट्रकच्या काही टायर मापांना चेन लावण्यास कंपनीची मनाई असते, तेव्हा मोठी चाके निवडण्याआधी माहितीपुस्तक पाहावे.

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे ढकलण्यास मदत करते; थांबण्यास ती काहीही मदत करत नाही. ब्रेक लागताना रस्त्याला धरतो तो टायर. म्हणून पैसे मोजकेच असतील तर उत्तरेतही टू-व्हील ड्राइव्ह ट्रक आणि बर्फाच्या चाचणीचे पर्वत-हिमकणाचे चिन्ह असलेले चार हिवाळी टायर ही जोडी, गुळगुळीत झालेल्या टायरवरच्या फोर बाय फोरपेक्षा, मी कुटुंबासाठी निवडेन. टायरवर नुसती एम आणि एस (चिखल आणि बर्फ) ही अक्षरे असणे म्हणजे बर्फाची चाचणी उत्तीर्ण होणे नव्हे. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये चारही टायरांची झीज सारखी ठेवावी लागते आणि एक फाटला तर कधी कधी एकाहून अधिक बदलावे लागतात, हेही लक्षात घ्यावे.

नववी पायरी: आवारात शेवटची खात्री

चाचणीसाठी सगळे कुटुंब न्यावे आणि आपल्या नेहमीच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी एकदा लावून पाहावी; मोठ्या क्रू कॅबला वळायला जवळपास ४८ फूट लागतात, मॅव्हरिकला सुमारे ४०. ज्येष्ठांना दोनदा चढ-उतर करायला सांगावे, कारण पहिल्या वेळी उत्साहात गुडघे दुखत नाहीत. ड्राइव्हचे बटण किंवा लिव्हर पाहून त्यावर ऑटोची खूण आहे का ते स्वतः वाचावे. दरवाजाच्या खांबावरील चिकटपट्टीचे छायाचित्र घ्यावे आणि ते गणित घरी शांतपणे मांडावे. गाडी मागवून घेणार असाल तर करारात कॅबचे कंपनीने दिलेले नाव, हौद्याची लांबी, पुढची सीट सलग की स्वतंत्र, ट्रान्सफर केसचा प्रकार आणि मागच्या डिफरन्शियलचा प्रकार या पाच गोष्टी शब्दांत लिहून घ्याव्यात. आवारात उभी असलेली दुसरी गाडी 'जवळपास तशीच आहे' म्हणून पुढे केली गेल्यास, याच पाच गोष्टी तिच्या काचेवरच्या कागदाशी ताडून पाहाव्यात आणि एक जरी जुळत नसेल तरी सही करू नये.